लिफाफा गेल्यानंतर

[पडदा काळा. रस्त्याकडेच्या टपालपेटीचं जड झाकण उघडतं, मिटतं.]

गेला लिफाफा.

आत अर्ज, दोन फोटो, शाळेचे दाखले, आणि गेल्या कित्येक वर्षांतला आपला ठावठिकाणा सांगणारी कागदांची चळत. कागदपत्रांविना अमेरिकेत वाढलेल्या मुलांना घरी लहानपणापासून एकच शिकवण असते: आपलं नाव सरकारदरबारी जाता कामा नये. पोलिसांची गाडी दिसली की नजर खाली. शाळेत कुणी ‘मूळचे कुठले?’ विचारलं की विषय बदलायचा. आणि आज त्यांनीच स्वतःचं नाव, राहतं घर, या देशात कधी आणि कसे आलो, सगळं लिहून, खाली सही करून पाठवलंय. या सबंध प्रवासात मला हा क्षण सर्वांत धीराचा वाटतो.

या माहितीपटात चेहरे दिसणार नाहीत. हात दिसतील, कागद दिसतील. एकाचा चेहरा ओळखू आला तर त्या घरातल्या सगळ्यांचाच पत्ता उघडा पडतो.

[टेबलावर पसरलेले अर्ज. एक हात पानं जुळवतोय.]

हा अर्ज ‘डाका’चा. पूर्ण नाव डिफर्ड अ‍ॅक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स. १५ जून २०१२ ला अध्यक्ष बराक ओबामा यांनी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये त्याची घोषणा केली, आणि दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टपासून, अर्ज घ्यायला सुरुवात झाली. सोळा वर्षं पुरी व्हायच्या आत अमेरिकेत आलेली, घोषणेच्या दिवशी एकतिशीच्या आतली, १५ जून २००७ पासून सलग तिथंच राहिलेली, शिकणारी किंवा शालेय शिक्षण पुरं केलेली मुलं यात बसतात. गंभीर गुन्हा नावावर नसावा लागतो. (जुलै २०२१ पासून नव्या अर्जांना मंजुरी थांबलीय, ते पुढं येईलच.)

मिळतं काय? ‘डिफर्ड’ या शब्दातच उत्तर आहे. लांबणीवर टाकलेलं. तुम्हाला देशाबाहेर काढायची कारवाई दोन वर्षं लांबणीवर, आणि तेवढ्या काळापुरता कामाचा परवाना. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही, पदवीच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचं अर्थसाहाय्यसुद्धा नाही. तरीही आजवर आठ लाखांहून अधिक जणांना याचा आधार मिळाला. त्यात भारतात जन्मलेलेही आहेत.

इथं आपल्या माणसांच्या कामाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. डाकाची एक अट अशी की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कोणताही कायदेशीर दर्जा असता कामा नये. पुण्याहून, ठाण्याहून, नागपूरहून नोकरीच्या एच-१बी व्हिसावर गेलेल्या आईवडिलांबरोबर चारपाच वर्षांची असताना गेलेली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्याकडे तेव्हा एच-४, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा होता. सगळं रीतसर. म्हणूनच त्यांना डाका नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांहून जास्त नाही, त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब झालीय की आईवडिलांचा नंबर लागायच्या आत मूल एकविसाचं होऊन बसतं. मग विद्यार्थी व्हिसा शोधायचा, नाहीतर ज्या देशाची फक्त आजोळची आठवण आहे तिथं परत. रीतसर आलेल्या मुलाला हे दार बंद असावं, हे मला आजही पटत नाही.

[शिकागोतली टपालाची इमारत, बाहेरून. ट्रक.]

लिफाफा पोचतो तो कुठल्या साहेबाच्या टेबलावर नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत शिकागो, डॅलस आणि फीनिक्स इथल्या टपालपेट्यांचे पत्ते दिलेले होते. त्यांना ‘लॉकबॉक्स’ म्हणतात. तिथं अर्जाच्या गुणदोषांकडे कुणी बघत नाही. सही आहे का, फी बरोबर आहे का, अर्जाची आवृत्ती चालू आहे का, एवढंच बघतात. सही राहिली तर अख्खा लिफाफा जसाच्या तसा परत. सुरुवातीला फी ४६५ डॉलर होती. एप्रिल २०२४ मध्ये ती कागदी अर्जाला ६०५ आणि ऑनलाइन अर्जाला ५५५ झाली. फी माफ करून मागायची सोय डाकाला नाही. ताशी मजुरीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम साठवायला किती वेळ लागतो, हे ज्यानं साठवलीय त्यालाच ठाऊक.

सगळं नीट असेल तर घरी पहिलं पत्र येतं. फॉर्म आय-७९७-सी. वर एक क्रमांक, तीन अक्षरं आणि दहा आकडे. हा क्रमांक जिवापाड जपायचा. इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की अर्ज कुठवर आलाय ते दिसतं.

आणि इथंच पुष्कळांची फसगत होते. पत्र सरकारी, शिक्का सरकारी, नाव आपलं. वाटतं, झालं काम! त्याच कागदावर स्पष्ट छापलेलं असतं की या सूचनेनं कोणताही दर्जा किंवा लाभ मिळत नाही. आपल्याकडे तहसीलमध्ये अर्ज दिला की पोच मिळते. ती पोच दाखवून कुणी जमीन नावावर झाली असं म्हणत नाही. तसंच हे. पहिल्या अर्जाच्या पावतीवर नोकरी धरता येत नाही. मालकानं ‘चालेल, ये’ म्हटलं तरी नाही.

[काचेवर टेकलेली चार बोटं. हिरवा प्रकाश सरकतो.]

मग दुसरं पत्र. बोटांच्या ठशांसाठी. तारीख, वेळ आणि केंद्राचा पत्ता त्यावरच असतो. शाई नाही, काळी बोटं नाहीत. काचेवर हात ठेवायचा, यंत्र ठसे टिपतं. फोटो, सही, संपलं. बरोबर ते पत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. ठसे एफबीआयच्या नोंदींशी ताडून बघतात. इथं मुलाखत नसते, तुमचं म्हणणं कुणी विचारत नाही. तारीख जमणार नसेल तर आधी कळवून बदलून घ्यायची. न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरून तो नामंजूर होऊ शकतो. दिवसभराच्या कामाची मजुरी बुडते म्हणून ही तारीख चुकवणं सगळ्यांत महागात पडतं.

त्यानंतर काहीच घडत नाही.

[रिकामी पत्रपेटी. सकाळ. तीच पेटी, संध्याकाळ.]

आठवडे जातात. महिने जातात. संकेतस्थळावर तेच वाक्य. या शांततेत करायची कामं मात्र असतात. घर बदललं तर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा, कायद्यानंच तसं बंधन आहे. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या माणसाचा अर्ज कागद कमी पडले म्हणून जेवढा अडत नाही, तेवढा पत्र जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे अडतो.

आणि देश सोडायचा नाही. काहीही झालं तरी. तिकडं आजी गेली, आईची आई, जिच्या कुशीत सहा वर्षं काढली ती. तरी जायचं नाही. निर्णयाआधी बाहेर पाऊल टाकलं की अर्जच निकालात निघतो. मंजुरीनंतरसुद्धा शिक्षण, नोकरी किंवा माणुसकीच्या कारणासाठी आधी वेगळी परवानगी काढावी लागते. तिला ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ म्हणतात. तोवर शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर. अशा वेळी आईनं विमानतळापर्यंत जायचं म्हणावं आणि मुलानं तिला हाताला धरून परत खुर्चीवर बसवावं, याला मी कुठल्या खात्यात धरू?

याच काळात दाराशी ‘मदतनीस’ येतात. मेक्सिकोत किंवा ग्वाटेमालात ‘नोतारियो’ म्हणजे कायद्याची मोठी पदवी असलेला माणूस. अमेरिकेत नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. हा फरक ठाऊक नसलेल्यांना गाठून ‘आतली ओळख आहे, तुमचं काम लवकर करून देतो’ सांगणारे पैसे उकळतात आणि चुकीचे अर्ज भरून माणसाला अडचणीत घालतात. आपल्याकडच्या दाखला काढून देणाऱ्या एजंटाची भाषा आणि यांची भाषा अगदी एक. सल्ला द्यावा तो वकिलानं, नाहीतर न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या संस्थेच्या प्रतिनिधीनं. अर्ज पुढं ढकलायची आतली ओळख कुणाचीच नसते.

[बुटांच्या जुन्या खोक्यातून एकेक कागद बाहेर येतो.]

कधी मधेच जाडसर पत्र येतं. अधिक पुरावा मागणारं. पहिल्यांदा उघडताना हात थरथरतात, पण हा नकार नाही. अधिकाऱ्याला एखादा काळ रिकामा दिसलाय, एवढाच त्याचा अर्थ. समजा, २००९ चा उन्हाळा. तुम्ही तेव्हा इथंच होतात, दाखवा. आता लपून राहणाऱ्या घरानं आपण होतो याचा पुरावा कुठून आणावा? तर लसीकरणाचं कार्ड. शाळेचं प्रगतिपुस्तक. दातांच्या डॉक्टरची पावती. पैसे घरी पाठवल्याच्या चिठ्ठ्या. चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा दाखला. ज्या आईनं काहीच फेकून दिलं नाही, तिच्या खोक्यानं मुलाचा अर्ज तारलाय. उत्तराची शेवटची तारीख पत्रावर असते, आणि मागितलेलं सगळं एकाच वेळी पाठवायचं असतं.

नकार आला तर? डाकाच्या नकारावर अपील नाही. नव्यानं अर्ज करता येतो, पण आधी वकिलाला ते पत्र दाखवून.

[लिफाफ्यातून सरकणारं कार्ड. नाव झाकलेलं.]

आणि मंजुरी आली की मागोमाग कार्ड. बँकेच्या कार्डाएवढं. त्यावर डाकाचा प्रवर्ग सी-३३ आणि मुदत संपायची तारीख. आधी नावाचं स्पेलिंग तपासा, जन्मतारीख तपासा. चूक असेल तर लगेच कळवा. मग पगार आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक. मग गाडीचं लायसन्स. पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पगार, पहिल्यांदा स्वतःच्या नावानं कर. नर्सिंगची पदवी हातात असून हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलीला या कार्डानं काय दिलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पण त्याच कार्डावर आणखी एक ओळ छापलेली असते: अमेरिकेत पुन्हा प्रवेशासाठी हे चालणार नाही.

हे कार्ड किती हलकं आहे, याची दोन उदाहरणं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी डाका वाढवायचं ठरवलं, दोनाऐवजी तीन वर्षं. अमेरिकन मुलांच्या आईवडिलांसाठी ‘डापा’ही जाहीर केली. वाढीव डाकाचे अर्ज १८ फेब्रुवारी २०१५ ला सुरू व्हायचे होते. १६ तारखेला टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी स्थगिती दिली. गठ्ठे बांधून बसलेल्या घरांचे गठ्ठे तसेच राहिले. पुढं जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि स्थगिती कायम राहिली. दरम्यान, स्थगितीनंतरही सुमारे दोन हजार जणांना चुकून तीन वर्षांची कार्डं गेली होती. खात्यानं ती परत मागवली. आलेलं कार्ड टपालानं परत पाठवायचं!

दुसरं, ५ सप्टेंबर २०१७. ट्रम्प प्रशासनानं डाका गुंडाळायचं जाहीर केलं. ज्यांची मुदत लवकर संपत होती त्यांना नूतनीकरणासाठी एक महिना दिला, ५ ऑक्टोबरपर्यंत. वेळेत टाकलेले काही लिफाफे टपाल खात्यात रखडले. काही शिकागोत त्याच दिवशी पोचले, पण उचलले गेले दुसऱ्या दिवशी. उशीर झाला म्हणून परत! वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा घ्यायचं खात्यानं मान्य केलं.

जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की डाका ज्या रीतीनं गुंडाळली ती रीत चुकीची. डाका वाचली. १६ जुलै २०२१ ला हेनन यांनी ती बेकायदा ठरवली: जुन्यांचं नूतनीकरण चालू, नव्यांना मंजुरी नाही. नव्या अर्जदारांच्या ठशांच्या ठरलेल्या तारखा रद्द झाल्या. त्यांचे लिफाफे खात्याकडे आहेत, पावत्या घरी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं हद्दपारीपासूनचं संरक्षण आणि कामाचा परवाना हे दोन भाग वेगळे करता येतील असं म्हटलं आणि आदेशाची व्याप्ती टेक्सासपुरती आणली. म्हणजे उद्या एकाच देशात, एका राज्यात कार्डाला एक अर्थ आणि शेजारच्या राज्यात दुसरा, असं होऊ शकतं. म्हणून अर्जाआधी आणि प्रत्येक नूतनीकरणाआधी ताजी स्थिती विचारून घ्यायची. गेल्या वर्षी शेजाऱ्याला लागू होतं ते धरून चालायचं नाही.

[भिंतीवरचं कॅलेंडर. एक हात पानं उलटतोय.]

मुदत संपायच्या १५० ते १२० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज पाठवा, असं खातं सांगतं. हिशोब करा. चोवीस महिन्यांचं कार्ड, त्यातले एकोणीस महिने झाले की पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, पुन्हा वाट. मधे खंड पडला तर त्या दिवसापासून काम बंद, आणि मालक जागा धरून ठेवेलच असं नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांची असलेली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांना मुलं झालीत, अमेरिकेतच जन्मलेली.

हाताला एकोणिसाव्या महिन्याचं पान सापडतं. तारखेभोवती लाल गोल. त्याच चौकोनात, त्याच्या खाली, मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची वेळ लिहिलीय.