शेंडेनक्षत्र आणि अंगणातला उंदीर

[काळा पडदा. फक्त आवाज: फरशीवर काहीतरी घसटत चालल्याचा.]

१६१९ सालची सुरुवात. आग्र्यात ताऊन पसरलाय. ताऊन म्हणजे प्लेग. बादशहा जहांगीर गुजरातेतून परत आलाय, पण शहरात पाऊल टाकायला तयार नाही. फत्तेपूर सिक्रीला मुक्काम ठोकून बसलाय. तिथे दिवंगत आसफखानाची मुलगी त्याला स्वतःच्या घरात घडलेली हकीकत सांगते, आणि बादशहा ती आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवतो.

अंगणात एक उंदीर आला. दारू ढोसल्यासारखा. पडायचा, उठायचा, इकडे धावायचा, तिकडे धावायचा, जायचं कुठे ते त्याला कळेना. बाई एका दासीला म्हणाली, धर त्याला शेपटीला आणि टाक मांजरापुढे. मांजर खूश. झडप घालून तोंडात धरला, आणि तसाच टाकून दिला, किळस आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मांजर मरणाला टेकलं. औषध घालायला तोंड उघडलं, तर टाळू काळी, जीभ काळी. तीन दिवस तळमळून चौथ्या दिवशी मांजर सावरलं.

दासी नाही सावरली. तिला गाठ आली. अंग भाजून निघेल असा ताप. रंग आधी पिवळा, मग काळवंडलेला. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, आणि संपलं. घरातली आणखी सात-आठ माणसं तशीच गेली, तेव्हा उरलेले घर सोडून बागेत राहायला गेले. आठ-नऊ दिवसांत एकूण सतरा जण दगावले.

प्लेगचा जंतू सापडायला अजून २७५ वर्षं होती. पण या एका हकिकतीत उंदीर आहे, गाठ आहे, घर रिकामं करणंही आहे. एवढ्या जवळून पाहिलेलं प्लेगचं वर्णन त्या काळात क्वचितच सापडतं.

[दृश्य: पहाटेचं आकाश. क्षितिजापासून वर जाणारा फिकट पट्टा.]

आता त्याच पुस्तकाची काही पानं मागे चला. नोव्हेंबर १६१८. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, आकाशात खांबासारखा उजेड दिसायला लागतो. मग त्याला डोकं फुटतं. शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू! ज्योतिषी यंत्र लावून मोजतात, तर लांबी २४ अंश. हात पुढे ताणून बोटं फाकवा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. त्याहूनही लांब.

उंदीर आणि धूमकेतू, एकाच माणसाच्या पुस्तकात. पुढे काय झालं असेल, अंदाज करा.

जहांगीराचा दरबारी मोतमदखान. बादशहाची तब्येत ढासळल्यावर हे आत्मचरित्र पुढे लिहायचं काम याच्याकडे आलं. यानं स्वतंत्र इतिहासही लिहिला, इक्बालनामा. त्यात तो सांगतो की हिंदुस्थानात एवढी मोठी मरी पसरली ती या धूमकेतूच्या परिणामाने. ती त्याच्या उगवण्याच्या एक वर्ष आधीपासून सुरू होती आणि नंतर आठ वर्षं चालली. बादशहा आणि शाहजहान यांच्यात वितुष्ट आलं, तेही त्याच्यामुळेच.

एक वर्ष आधीपासून. म्हणजे चोरी आधी झाली, चोर नंतर गावात आला, तरी पकडला तोच! मोतमदखान काही भोळा माणूस नव्हता. कागदपत्रांत आयुष्य गेलेला अधिकारी. त्याला तारखा नीट माहीत होत्या, म्हणून तर त्यानं त्या लिहिल्या. त्यात काही खटकण्यासारखं आहे, असं मात्र त्याला वाटलं नाही.

आणि तो एकटा नव्हता. हेच शेंडेनक्षत्र युरोपात लोक गच्च्यांवर चढून पाहत होते. तिथे ते तीस वर्षांच्या युद्धाचं अपशकुनी चिन्ह ठरलं. पण त्या युद्धाची ठिणगी पडली ती प्रागमध्ये, २३ मे १६१८ ला, सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकलं तेव्हा. धूमकेतू दिसला नोव्हेंबरात. इथेही तो उशिराच पोचला होता.

[दृश्य: रेशमी कापडावर काढलेली चित्रं. कॅमेरा एकेका शेपटीवरून सरकतो.]

हे रेशमी कापड चीनमधल्या मावांगदुई इथल्या थडग्यातलं. १९७३ मध्ये सापडलं, पण आहे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. धूमकेतूंची २९ चित्रं. एकाची शेपटी झाडूसारखी, एकाची बांबूच्या फांदीसारखी. प्रत्येकाखाली फळ लिहिलंय: युद्ध, रोगराई, राजाचा मृत्यू. बावीसशे वर्षांपूर्वीच हे खातं इतकं व्यवस्थित लावलेलं होतं.

आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा अख्खा अध्याय आहे. केतू म्हणजे इथे धूमकेतू. ते किती, यावर आधीच्या आचार्यांची भांडणं. कुणी म्हणतं १०१, कुणी म्हणतं हजार. नारद म्हणतो एकच, तोच नाना रूपं घेऊन येतो. गंमत अशी, की तो नारदाचा तर्क पुन्हा पुन्हा परतणाऱ्या हॅलीच्या धूमकेतूला तरी तंतोतंत लागू पडतो. वराहमिहिर मात्र वाद झटकून टाकतो: ‘यद्येको यदि बहवः किमनेन’. एक असो नाहीतर अनेक, काय फरक पडतो? फळ सांगायचं ते सांगायचंच.

आणि फळ कधी मिळणार? जितके दिवस केतू दिसेल तितके महिने. जितके महिने दिसेल तितकी वर्षं. आता बघा, एखादा ठळक धूमकेतू दोन-तीन महिने सहज दिसतो. म्हणजे दोन-तीन वर्षांची मुदत. एवढ्या मुदतीत कुठेही, काहीही न घडलेलं वर्ष शोधून दाखवा. हे भाकीत खोटं ठरायचं म्हटलं तरी ठरू शकत नाही.

पण याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. ॲरिस्टॉटलच्या मते धूमकेतू हे ग्रहताऱ्यांच्या कुळातले नव्हतेच. जमिनीतून निघालेली कोरडी, उष्ण वाफ वर जाऊन पेटते, ती धूमकेतू. तेव्हा तो दिसला म्हणजे हवा बिघडली, आणि बिघडलेल्या हवेने माणसं आजारी पडणार. त्या काळच्या भौतिकशास्त्राप्रमाणे साखळी पक्की जुळत होती. म्हणून हे मत मांडणाऱ्यांत वैद्य आणि प्राध्यापक पुढे होते.

चौदाव्या शतकातल्या महामारीचंच घ्या. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विभागाला फ्रान्सच्या राजानं कारण विचारलं. १३४८ च्या ऑक्टोबरात अहवाल आला. मुख्य दोष ठेवला तो २० मार्च १३४५ च्या दुपारी कुंभ राशीत झालेल्या शनी, गुरू आणि मंगळाच्या युतीवर. त्या युतीने हवा नासली. अपराधी आकाशातलाच पाहिजे, एवढं ठरलेलं होतं. कोण, ते सोयीनुसार.

[दृश्य: हातात धरलेलं लाकडी कोनमापक. पलीकडे समुद्र.]

१५७७ चा धूमकेतू मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यानं आकाश पाहणाऱ्या दोघांना दोन दिशांना नेलं. इस्तंबुलमध्ये तकी अल्-दीन याने सुलतान तिसऱ्या मुरादसाठी नुकतीच वेधशाळा उभारली होती. त्यानं धूमकेतू पाहून शुभ फळ सांगितलं: इराणवर विजय मिळणार. पुढे शहरात प्लेग आला. १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमानं वेधशाळा पाडून टाकली. दरबारातलं राजकारण होतंच, पण ते भाकीतही अंगाशी आलं.

त्याच धूमकेतूकडे डेन्मार्कमधून टायको ब्राहे पाहत होता. त्यानंही फळ सांगितलं, पण त्याबरोबर अंतरही काढलं. दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिलं की जवळची वस्तू मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेली दिसते. चंद्र तसा सरकतो. धूमकेतू त्या मानानं जवळजवळ हललाच नाही. म्हणजे तो चंद्राच्याही पलीकडे, आपल्या हवेत तर नाहीच नाही.

ॲरिस्टॉटलची वाफ तिथेच विरली. भीतीचा आधार गेला. भीती मात्र जागची हलली नाही.

१६६४ चा डिसेंबर. लंडनवर धूमकेतू. लगेच १६६५ मध्ये आणखी एक. आणि त्याच वर्षी शहरात प्लेग. मृत्यूच्या साप्ताहिक याद्यांत प्लेगचे म्हणून ६८,५९६ बळी नोंदले गेले. इथे क्रम तरी बरोबर आहे, धूमकेतू आधी. मग? मग बंदरात चला. समुद्रापलीकडे ॲम्स्टरडॅममध्ये प्लेगनं त्याआधीच माणसं मरत होती, आणि तिथून येणारी जहाजं इंग्रजांनी धूमकेतू दिसण्याच्या कितीतरी आधीपासून अडवून ठेवायला सुरुवात केली होती. बंदरातल्या लोकांना माहीत होतं, आजार कुठून येतो ते.

त्याच डिसेंबरात केंब्रिजमध्ये बावीस वर्षांचा होऊ घातलेला एक विद्यार्थी रात्री जागून हा धूमकेतू वहीत टिपत होता. पुढच्या वर्षी प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडलं आणि तो घरी गेला. आयझॅक न्यूटन. त्याच्या गणिताच्या आधारे एडमंड हॅलीनं १७०५ मध्ये सांगितलं की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. १७५८ च्या नाताळच्या रात्री तो दिसला. हॅली जाऊन सोळा वर्षं झाली होती.

[दृश्य: जुनी वर्तमानपत्रं. गोळ्यांची डबी.]

१९१०. तोच हॅली परत. पण आता भीतीच्या हातात रसायनशास्त्र आहे. शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडलाय, आणि १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीतून जाणार. वायू इतका विरळ, की कोणाला काही व्हायचा प्रश्नच नव्हता. तरी लोकांनी दारांच्या कुलपांची भोकंसुद्धा बुजवली. धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. काही झालं नाही.

आणि मग, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, मांचुरियात प्लेग फुटला. फुफ्फुसांचा, खोकल्यातून पसरणारा. सुमारे साठ हजार माणसं गेली. मोतमदखान असता तर त्यानं लगेच लेखणी उचलली असती! डॉक्टर वू लिएन-तेह यांनी मात्र मृतदेहाची चिरफाड केली, तोंडावर कापसाच्या घड्यांचे मास्क बांधायला लावले. साथीचा माग लागला तो मार्मोट नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्यापर्यंत. त्याच्या कातड्याला भाव आला होता आणि नवशिके शिकारी आजारी जनावरंही पकडत होते.

विसाव्या शतकात ही कल्पना पुन्हा उठली, या वेळी मोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून. फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९७९ मध्ये मांडलं की फ्लूसारखे विषाणू धूमकेतूंच्या धुळीतून पृथ्वीवर येतात. हॉईल म्हणजे ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात ते दाखवणारा माणूस. त्याला वेड्यात काढणं सोपं नाही. पण विषाणूला आपल्या पेशीचं कुलूप उघडावं लागतं, आणि ती किल्ली अंतराळात घडत नाही. फ्लूच्या जनुकांचे नातेवाईक बदकांत आणि डुकरांत सापडतात.

हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी निदान तपासून तरी पाहिलं. हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५ च्या उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं. त्या पृथ्वीबाहेरच्या आहेत, हे सिद्ध झालेलं नाही, असं तेव्हाच सांगितलं गेलं. अशी शिस्त या विषयात दुर्मीळ.

[दृश्य: काचेची बरणी. आत जाळीचा छोटा पिंजरा.]

आता शेवटची जागा. कराची, २ जून १८९८. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ. मोठ्या बरणीत प्लेगनं आजारी उंदीर. पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्यानं एका मांजराच्या अंगावरच्याही पकडून आत सोडल्यात. आजारी उंदीर मरणाला टेकल्यावर निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच बरणीत ठेवला. दोघांचा स्पर्श नाही. मध्ये जाळी, आणि जाळीतून उडणाऱ्या पिसवा.

पाचव्या दिवशी त्या उंदराला चालणं जड झालं. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो मेला.

सिमाँनं शोध छापला. त्याच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला. पिसवा!