कॅनार्ड नेमका कुठे बसवायचा?

मुख्य पंखांच्या पुढे, नाकाकडच्या बाजूला असलेली छोट्या पंखांची जोडी म्हणजे कॅनार्ड. ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात बांधलेलं सुखोई-३०एमकेआय हे लढाऊ विमान पुण्याच्या लोहगाववरून उडताना पाहिलं असेल, तर ती तुमच्या नजरेत भरली असेल. कॅनार्ड म्हटलं की आपण त्याचा आकार बघतो. खरं तर आधी जागा बघावी: तो पंखापासून किती पुढे आहे आणि किती उंचीवर?

अंतराचा हिशेब पहारीचा आहे. गुरुत्वमध्यापासून (विमानाचं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून) ५ मीटर पुढे २,००० न्यूटन लिफ्ट (वर उचलणारा जोर) मिळाली, तर नाक उचलणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा परिणाम, १०,००० न्यूटन-मीटर. तेवढंच २.५ मीटरवरून हवं असेल तर ४,००० न्यूटन लागतील. युरोफायटर टायफून या लढाऊ विमानाचे कॅनार्ड कॉकपिटच्याही पुढे आहेत ते या लांब तरफेसाठी.

फ्रेंच राफाल आणि स्वीडिश ग्रिपेन या लढाऊ विमानांमध्ये मात्र कॅनार्ड पंखाला जवळजवळ खेटून, त्याच्या किंचित वर आहे. तरफ आखूड झाली, मग मिळालं काय? नाक वर असताना त्रिकोणी पंखाच्या पुढच्या कडेवरून हवेचा भोवरा सुटतो आणि तो पंखाला जादा लिफ्ट देतो. नाक फार वर गेलं की हा भोवरा फुटतो आणि लिफ्ट ढासळते. कॅनार्डचा भोवरा पंखाच्या पाठीवरून गेला की हे फुटणं लांबणीवर पडतं. १९६७ साली उडालेल्या स्वीडिश विगेन या लढाऊ विमानाने याच्या मदतीने ५०० मीटरच्या धावपट्टीवर उतरण्याची सोय साधली.

इथे उंची चुकली की सगळं बिघडतं. नाक जसं वर जातं, तशी कॅनार्डमागची विस्कटलेली हवा पंखाच्या तुलनेत वर सरकते. कॅनार्ड पंखाच्या पातळीखाली असेल, तर एका ठरावीक कोनात ती हवा थेट पंखावर येते. वर असेल तर पाठीवरून निघून जाते.

आता स्थैर्य. पुढे पृष्ठभाग लावला की विमानाचा उदासीन बिंदू (ज्याच्या पुढे गुरुत्वमध्य असला तरच विमान स्वतःहून स्थिर राहतं तो बिंदू) पुढे येतो. गुरुत्वमध्य त्याच्या मागे राहिला तर विमान अस्थिर होतं: वळायला चपळ, पण संगणकाशिवाय सांभाळता न येणारं. ग्रिपेनचं पहिलं प्रोटोटाइप फेब्रुवारी १९८९ मध्ये उतरताना कोसळलं, ते नियंत्रण-सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे.

संगणक नसलेल्या लाँग-ईझीसारख्या छोट्या विमानात कॅनार्ड मुख्य पंखाच्या आधी स्टॉल झालाच पाहिजे, म्हणजे नाक फार वर गेल्यावर त्याची लिफ्ट आधी ढासळली पाहिजे; मग नाक आपोआप खाली येतं. सामान मागे ठेवून गुरुत्वमध्य मर्यादेपलीकडे गेला, तर मुख्य पंख आधी स्टॉल होतो आणि मग नाक खाली आणणं अशक्यही होऊ शकतं. लाँग-ईझीच्या मूळ कॅनार्डवर पावसाचे थेंब बसले की लिफ्ट घटायची, नाक खाली झुकायचं, वैमानिकाला स्टिक मागे धरून ठेवावी लागायची. शेवटी कॅनार्डच्या छेदाचा आकारच बदलावा लागला.

ग्रिपेन उतरल्यावर नीट बघा. चाकं टेकली की कॅनार्ड पुढच्या कडेने जवळजवळ उभा खाली वळतो. हवा अडते, विमान जमिनीवर दाबलं जातं आणि चाकांचे ब्रेक पकड घेतात. पूर्ण फिरणाऱ्या कॅनार्डचा हा फायदा विगेनला नव्हता. त्याचा कॅनार्ड स्थिर होता, मागच्या कडेला फक्त फ्लॅप (हलणारी पट्टी).

आणि सुखोई-३५ मध्ये कॅनार्ड काढूनच टाकला आहे. इंजिनाचं तोंड वळवून आणि नव्या नियंत्रण-संगणकाने तेच काम होत असेल, तर त्याचं वजन आणि हवेचा अडथळा कशाला वाहायचा, असा तो हिशेब आहे.