न रडवता घेतलेला अश्रू

डोळे लाल, पाणी गळतंय, आत वाळू गेल्यासारखं टोचतंय. हा आजार कोणता असं विचारलं, तर बहुतेक जण ॲलर्जी म्हणतील. पण कोरड्या डोळ्यांचा रुग्णही अगदी हेच सांगतो. डोळा कोरडा आणि तरी पाणी कसं? पृष्ठभाग सुकला की तिथल्या नसा चेतवल्या जातात, अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते आणि डोळा भरून येतो. मग ॲलर्जीची गोळी चालू होते. त्यातल्या अनेक गोळ्यांनी अश्रू कमी होतात, म्हणजे सुकलेला डोळा औषधानंच आणखी सुकतो. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मला त्याचा फार त्रास होतो.

खाज हा ॲलर्जीचा सगळ्यात मोठा पुरावा, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यातली. ते विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही, आणि तपासणीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण खाजही आहे, चुरचुरही आहे, दोन्ही आजार एकाच डोळ्यात आहेत, असे रुग्ण खूप असतात. तिथे अश्रूंची तपासणी मदतीला येते.

ॲलर्जीत शरीर आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार करतं. १९६०च्या दशकात इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात मास्ट पेशी असतात, त्यांच्या अंगावर हे आयजीई चिकटून बसतं. परागकण किंवा धुळीतल्या किड्यांचा अंश त्याला भिडला की पेशी फुटल्यासारखी हिस्टामाइन बाहेर टाकते. खाज, लाली, सूज, सगळं त्यातून.

मग रक्त तपासून भागत नाही का? अनेकदा भागतं. पण आयजीई डोळ्यातल्या डोळ्यातही तयार होऊ शकतं. लहान मुलांना होणाऱ्या व्हर्नल या तीव्र ॲलर्जीत जवळपास निम्म्या मुलांच्या त्वचेच्या आणि रक्ताच्या चाचण्या काहीच दाखवत नाहीत. मुलगा डोळे चोळून चोळून हैराण, आणि कागदावर ॲलर्जी नाही! उलट, रक्तात आयजीई भरपूर असूनही डोळ्याचं दुखणं वेगळंच असू शकतं. आजार जिथे आहे तिथला द्रव, म्हणजे अश्रू घ्या आणि त्यातलं आयजीई मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अडचण त्या द्रवाच्या मापाची आहे. डोळ्यात एका वेळी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतून पडणारा औषधाचा एक थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा. त्यातून थोडासाच अंश घ्यायचा, तोही डोळ्याला न रडवता. डोळा रडला की ताजं पाणी येऊन आयजीई पातळ होतं आणि खरी ॲलर्जी हातातून निसटते. पडद्याला नळी घासली तर उलटी चूक होते: रक्तातली प्रथिनं अश्रूंत झिरपतात आणि आकडा फुगतो. म्हणून खालच्या पापणीच्या काठावर साचलेल्या पाण्याला, बाहेरच्या कोपऱ्याशी, केसासारखी बारीक नळी नुसती टेकवायची. अश्रू आपोआप वर चढतो. मला हे काम अजूनही श्वास रोखूनच करावं लागतं.

त्याच नमुन्यात लॅक्टोफेरिन मोजता येतं. अश्रुग्रंथी थकली की हे प्रथिन कमी होतं. आयजीई वाढलेलं आणि लॅक्टोफेरिन कमी, म्हणजे दोन्ही आजार आहेत आणि उपचारही दोन्हींवर हवेत.

मात्र एकूण आयजीई वाढलंय म्हणजे ॲलर्जी कशाची, हे कळत नाही. त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी लागतेच. आणि डोळ्यात घालायच्या थेंबांतल्या परिरक्षकानं, म्हणजे औषध टिकवणाऱ्या द्रव्यानं, पापणी सुजते, ती ॲलर्जी वेगळ्या पेशींमुळे होते, तिथे आयजीई अगदी साधारण निघू शकतं. 'अश्रू नॉर्मल आले' म्हणून रुग्णाला परत पाठवू नका.

तपासणीला येणाऱ्यांसाठी एकच सूचना: त्या दिवशी डोळ्यात थेंब घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि आत येईपर्यंत डोळे चोळू नका.