शाळा एक किलोमीटरवर आहे

(पडद्यावर: शहराचा नकाशा. शाळांचे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ.)

शाळा घरापासून किती लांब असावी, हे आपल्याकडे नियमात लिहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याखाली केंद्रानं 2010 मध्ये काढलेले नियम सांगतात, की पहिली ते पाचवीच्या मुलांना चालत जाता येईल अशी शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीच्या मुलांना 3 किलोमीटरच्या आत. महाराष्ट्रानंही हीच अंतरं धरली. मूल पायी शाळेत जाणार, हे यात गृहीतच आहे.

त्याच नियमात पुढे एक पोटकलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. अवघड चढउतार, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव, किंवा एकूणच घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तर सरकारनं किंवा स्थानिक संस्थेनं हे अंतर कमी करावं आणि तो धोका टाळावा. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ओढा असेल, घाट असेल. पण शहरातला सहापदरी रस्ताही या कलमात सहज बसतो. तसा तो कुणी बसवलेला नाही, एवढंच.

(पडद्यावर: पुणे. सकाळ. शाळेचं फाटक.)

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या शाळेसमोर सकाळी सातच्या सुमाराला उभं राहा. रिक्षा, व्हॅन, पार्किंग लाइट लावून मधोमध थांबलेल्या मोटारी. स्कूटरवर पुढे धाकटा, मागे थोरली, पायाशी दोन दप्तरं. फाटकावरचे काका शिट्टी वाजवतायत, ती कुणी ऐकत नाही. यातली कितीतरी मुलं चालत येण्याच्या अंतरावर राहतात. मग सोडायला का येता, असं एखाद्या आईला विचारलं तर ती हातानं रस्त्याकडे दाखवते. उत्तर संपलं.

आणि तिचं बरोबर आहे. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजार माणसं दगावली. त्यांत 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला सुमारे 90. रस्त्यावर वाहनं फार, म्हणून आईबाप मुलांना वाहनानं सोडतात, आणि त्यामुळे शाळेसमोर वाहनं आणखी वाढतात. जे मूल अजूनही चालत येतं, त्याच्या वाट्याला ही सगळी गर्दी येते. बहुतेकदा ते मूल ज्या घरातलं असतं, तिथे सोडायला स्कूटर नसते.

(पडद्यावर: फुटपाथ, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.)

आता खाली बघू. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था. पादचाऱ्यांसाठीच्या तिच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय, की फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. मोकळी म्हणजे झाड, विजेचा खांब, विजेच्या डीपीचा डबा, नावाची पाटी आणि उभी केलेली मोटारसायकल सोडून उरलेली. आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे मात्र रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की शेजारचा फुटपाथही उंच बांधतात. प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी तो उतरवतात, पुन्हा चढवतात. आजीला हे जमत नाही, पहिलीतल्या मुलाला कंटाळा येतो. दोघंही खाली रस्त्यावर उतरतात. मग लोक म्हणतात, फुटपाथ आहे तरी वापरत नाहीत.

पुण्याला हे कळत नाही असं अजिबात नाही. उलट देशातल्या फार थोड्या महापालिकांनी कागदावर इतकं काम केलं असेल. 2016 मध्ये पुण्यानं पादचारी धोरण मंजूर केलं. रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद केला, औंधमध्ये डीपी, म्हणजे विकास आराखड्यातल्या, रस्त्याची नवी रचना करून पाहिली. 11 डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला. 2021 मध्ये त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद झाला आणि लोक रस्त्याच्या मधोमध, कानावर हॉर्न न पडता, चालले. एक दिवस. हे कौतुकानंच सांगतोय. लक्ष्मी रस्त्यावर तेवढंही सोपं नसतं.

(पडद्यावर: सायकलींचे जुने फोटो. मग सायकल आराखड्याचा नकाशा, हिरव्या रेघांचा.)

सायकलींचं गाव म्हणून पुणं मिरवायचं, ते आता आजोबांच्या आठवणीत. बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला टप्पा डिसेंबर 2006 मध्ये सुरू झाला. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचा पैसा आला, त्यात सायकल ट्रॅकही आले. सातारा रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर ते आजही दिसतात. थोडं पुढे गेलात की बसथांब्याच्या मागे संपतात. मग पुन्हा सुरू होतात. मधल्या तुकड्यात सायकलवाल्यानं काय करायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

हे सगळं पाहूनच महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा करून घेतला आणि डिसेंबर 2017 मध्ये तो सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. 800 किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही आल्या, विद्यापीठात आणि औंधात. मग आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर दिसू लागल्या, आणि काही वर्षांत गेल्याही. कुणी लोकांना दोष दिला, कुणी कंपन्यांना. सायकल चालवायची कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

(पडद्यावर: नेदरलँड्स, सत्तरच्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं.)

इथे थोडं लांब जाऊ. नेदरलँड्स. आज सायकल म्हटलं की हा देश डोळ्यांपुढे येतो, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, त्यांची संस्कृतीच वेगळी. 1971 मध्ये या चिमुकल्या देशात 3 हजारांहून अधिक माणसं रस्त्यांवर मेली. त्यांत 400 हून अधिक मुलं होती. मोटारी वाढत होत्या, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद होत होते. मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं लेख लिहिला, त्यातून चळवळ उभी राहिली. तिचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. आईबाप आणि मुलं रस्ता अडवून बसली. तेलाचा तुटवडाही त्याच सुमाराला आला. सरकार हललं.

पण आपल्याला त्या आंदोलनापेक्षा पुढचं जास्त उपयोगाचं आहे. कारण सरकारनंही पहिल्यांदा तेच केलं, जे आपण करतो. एक छान रस्ता बांधला. टिलबर्ग आणि द हेग या शहरांत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नमुन्याचे सायकलमार्ग झाले, खर्च भरपूर. मग मोजणी केली. नव्या मार्गावर सायकली वाढल्या होत्या खऱ्या, पण त्या बऱ्याचशा शेजारच्या गल्ल्यांमधून तिकडे वळलेल्या. शहरात एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नव्हतं.

मग डेल्फ्ट या लहानशा शहरानं दुसरी वाट धरली. दिमाखदार रस्ता नको, जाळं पुरं करू. शहर ओलांडणाऱ्या वाटा साधारण 500 मीटरच्या अंतरानं. विभागातल्या 200 ते 300 मीटरवर. आणि घराशेजारच्या, जिथून मुलं शाळेत आणि वाण्याकडे जातात, त्या 100 मीटरच्या आसपास. यातला बराचसा भाग आधीच होता. कामं होती ती सांधे जुळवण्याची: कालव्यावर एखादा छोटा पूल, रेल्वेखालून बोगदा, एकेरी रस्त्यावर सायकलींना उलटी जायची मुभा. उद्घाटनाची फीत कापावी असं त्यात फार थोडं. तिथे सायकल चालवणं वाढलं.

(पडद्यावर: पुन्हा पुणे. मोठा चौक, सिग्नल.)

हे घेऊन पुन्हा आपल्या चौकात येऊ. घर ते शाळा या वाटेवर बहुतेक गल्ल्या ठीक असतात. अडतं एका किंवा दोन ठिकाणी. 24 मीटर रुंदीचा रस्ता घ्या. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून सिग्नल लावतात, म्हणजे ओलांडायला 20 सेकंद. दप्तर घेतलेलं मूल सेकंदाला 0.8 मीटर चाललं, तर त्याला 30 लागतात. दहा सेकंद ते मूल हिरव्या दिव्याच्या वाहनांपुढे उभं असतं. उपाय महाग नाहीत: दुभाजकात थांबायला संरक्षित जागा, कोपऱ्याची गोलाई कमी करणं म्हणजे वळताना वेग आपोआप उतरेल, आणि शाळेसमोर झेब्रा पट्टे फुटपाथच्या उंचीला उचलणं, म्हणजे वाहन चढणार, मूल नाही.

मग होत का नाही? फुटपाथ पथ विभागाचा. त्यावरचा दिवा विद्युत विभागाचा, डीपीचा डबा महावितरणचा, टपरी अतिक्रमण विभागाची. सिग्नलची वेळ वाहतूक पोलीस ठरवतात. शाळा शिक्षण विभागाकडे. खोदाई तर कुणाचीही. मुलाची वाट या सगळ्यांच्या हद्दींतून जाते, आणि 'घर ते शाळा' या नावाची फाइल कुठल्याच टेबलावर नसते. 800 किलोमीटरचा आराखडा मंजूर करणं त्या मानानं सोपं आहे. तो एका सभेत होतो.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्याजोगे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्क वरून आला. सांधे मात्र प्रभागातच जुळवावे लागतील.

(पडद्यावर: वर्गाची भिंत. मोठा नकाशा, मुलं रंगीत पेनानं आपापली वाट काढताहेत.)

याला एक साधी सुरुवात आहे. एका शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरापासूनच्या वाटा एकाच नकाशावर काढायच्या. रेघा वेगवेगळ्या दारांतून निघतात आणि शाळेजवळ येता येता दोन-तीन जाड पट्टे होतात. त्या पट्ट्यांवर अडणारी ठिकाणं मोजकीच निघतात. तुटलेलं झाकण, उतार नसलेला कोपरा, पुसलेला झेब्रा.

पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. एका कामासाठी 5 लाखांपर्यंतची मर्यादा. त्यात उड्डाणपूल बसत नाही. कोपऱ्याचा उतार, दुभाजकातली थांबायची जागा, शाळेसमोरचा उचललेला झेब्रा बसू शकतो. फॉर्मवर ठिकाणाचा रकाना असतो. तिथे शाळेचं नाव न लिहिता, शाळेच्या अलीकडच्या चौकाचं लिहायचं.