गावठी गुलाबाची फांदी वाकवावी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की पुण्याकडे घरोघरी सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, बाहेर निघतात आणि गुलाबांची छाटणी सुरू होते. आज मला ज्या गुलाबाविषयी बोलायचे आहे त्याला ही छाटणी मानवत नाही, आणि तरीही दर वर्षी इतर गुलाबांच्या रांगेत उभा करून त्यालाही तितक्याच कठोरपणे छाटले जाते. तो म्हणजे आपला फिका गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब.

माझ्या आत्याच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेले त्याचे एक पुरुषभर उंचीचे झुडूप होते. त्याची फुले फार मोठी नसत, पण पाकळ्यांनी गच्च भरलेली असत. मध्यभागी रंग जरा गडद आणि कडेला इतका फिका, की दुपारच्या उन्हात तो पांढराच वाटावा. देठ नाजूक असल्यामुळे फूल किंचित मान खाली घालून उमलते आणि खुडून आणल्यावर दुसऱ्या दिवशी पाकळ्या ढाळते. फुलबाजारात लांब दांड्याच्या, आठवडाभर टिकणाऱ्या गुलाबांपुढे हा मागे पडला तो याच कारणाने. मात्र सकाळी देवपूजेसाठी ओंजळभर फुले काढताना जो वास हाताला लागतो, तो त्या टिकाऊ गुलाबांपैकी फारच थोड्यांपाशी आहे.

या वासाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘गुलाब’ हा शब्द मुळात फारसी असून त्याचा अर्थ फूल नसून फुलाचे पाणी, म्हणजे ज्याला आपण गुलाबपाणी म्हणतो ते, असा आहे. पाण्याचे नाव आपल्याकडे येता येता फुलाला मिळाले. हे नाव रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही चपखल आहे, कारण या गुलाबाच्या सुगंधातले फिनाइलइथाइल अल्कोहोल हे मुख्य द्रव्य पाण्यात विरघळते आणि म्हणूनच गुलाबपाण्याला फुलाचा वास येतो. त्याच्या जोडीला असणारी जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही द्रव्ये प्रामुख्याने तेलात, म्हणजे अत्तरात उतरतात. ती उडून जाणारी असल्यामुळे अत्तरासाठी फुले पहाटे, ऊन तापण्याच्या आत खुडतात. घरच्या फुलाचा वास घ्यायचा तोही त्याच वेळी, दव सुकायच्या सुमारास.

गावठी गुलाब हे एकाच वाणाचे नाव नाही. दमास्क आणि बोर्बन या दोन जुन्या घराण्यांतल्या सुवासिक झुडपांना आपण मिळून ते नाव दिले आहे. दमास्क गुलाब हा तीन जातींच्या संकरातून झालेला आहे, हे जपानी संशोधकांनी २००० साली जनुकांच्या आधारे दाखवून दिले. त्याला थंडी लागते आणि बहुधा तो वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये भरभरून फुलतो. राजस्थानातले पुष्कर आणि उत्तर प्रदेशातले हसायन इथली अत्तराची शेती त्याच्यावरच उभी आहे. बोर्बन घराण्याची गोष्ट वेगळी. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाचे जुने नाव बोर्बन. तिथले शेतकरी शेताच्या कडेला दमास्क आणि चिनी गुलाबांची मिसळ कुंपणे लावत, आणि १८१७च्या सुमारास अशाच ठिकाणी या दोहोंचा आपोआप झालेला संकर एका फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाच्या नजरेस पडला. दमास्कचा वास आणि चिनी गुलाबाचा पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण अशी दोन्ही अंगे त्यात उतरली होती. आपल्याकडे ‘एडवर्ड’ म्हणून ओळखला जाणारा गुलाब याच घराण्यातला आहे. दख्खनच्या सौम्य थंडीत ज्यांना लहानशा बागेत वर्षभर थोडी थोडी फुले हवी आहेत, त्यांनी गावठी गुलाब निवडताना वर्षातून अनेकदा फुलणाराच मागून घ्यावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझी बाग दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. आत्याकडून आणलेली काडी जगली, दोन वर्षांत तिच्या फांद्या पाच-पाच फूट गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे काट्यांत अडकू लागले. तेव्हा मी शेजारच्या संकरित गुलाबांप्रमाणेच तिला जमिनीपासून फूटभर ठेवून छाटले. त्या हिवाळ्यात झाडाने जोमदार, सरळसोट फांद्या काढल्या आणि फुले जेमतेम सात दिली. कारण नंतर समजले. दांड्याचे मोठे फूल देणाऱ्या संकरित गुलाबाला कठोर छाटणीनंतर आलेल्या नव्या फुटीवर फुले येतात, आणि ती पद्धत त्याच्यापुरती अगदी योग्य आहे. गावठी गुलाबाच्या फुलांचा मोठा भाग मात्र मागच्या पावसाळ्यात वाढून पक्व झालेल्या लांब फांदीला फुटणाऱ्या आखूड बगलफुटींवर येतो, त्यामुळे ती फांदीच कापली की फुलांची जागा जाते.

मग लहान बागेत एवढ्या फांद्यांचे करायचे काय, तर त्या वाकवायच्या. उभ्या फांदीचा शेंडा वरच्या वर जात असताना खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या सुप्त अंकुरांना, दाबून ठेवणारे द्रव्य सोडत असतो. फांदी आडवी केली, की हा दाब कमी होतो आणि तिच्या लांबीवरचे बहुतेक डोळे जागे होऊन प्रत्येकातून वीतभर फूट वर येते. एका फांदीच्या शेंड्याला जिथे चार फुले आली असती, तिथे पंधरा-वीस येतात, शिवाय ती हाताला लागतील अशा उंचीवर येतात. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे आणि या पावसाळ्यात वाढलेली, अजून हिरवट असलेली फांदी एकदम न ओढता तीन-चार दिवसांत थोडी थोडी खाली आणावी. जुनी, करड्या सालीची फांदी वाकत नाही, ती मोडते. तिच्यावर जबरदस्ती करू नये. फांदी गुडघ्याएवढ्या उंचीवर आली, की जुन्या सुती साडीच्या पट्टीने ती कुंपणाला किंवा जमिनीत ठोकलेल्या बांबूच्या खुंटीला बांधावी. तारेने बांधू नये, साल कापली जाते. माझ्या कुंपणाला आज दोन्ही बाजूंना मिळून सहा फांद्या बांधलेल्या आहेत आणि चालायची वाट पूर्ण मोकळी आहे.

सिकेटरचे काम यातही असतेच, पण ते निवडक. वाळलेले सगळे काढावे, अगदी जुनी झालेली एखादी फांदी बुंध्यापासून काढावी, शेंडे चार-पाच इंच खुडावेत, मागच्या वर्षीच्या बगलफुटी दोन-तीन डोळ्यांवर आखूड कराव्यात आणि मोठ्या कापांना बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीरोधक लेप, लावावे, म्हणजे शेंडेमर, अर्थात टोकाकडून फांदी वाळत जाण्याचा रोग, खाली उतरत नाही.

इथे एका गैरसमजाविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांच्या झाडावर (खुंटावर) कलम केलेल्या, गुलाबाला जोडाच्या खालून फूट आली, तर ती खुंटाची असते आणि काढावीच लागते. काडीपासून केलेल्या गावठी गुलाबाला खुंटच नसतो. त्याच्या बुडातून येणारी प्रत्येक फूट त्याचीच असते, आणि पुढच्या वर्षी वाकवायची फांदीही तीच. ‘जंगली फूट’ समजून ती दर वर्षी छाटणाऱ्यांची झाडे पाच-सहा वर्षांत म्हातारी होतात.

म्हणूनच हा गुलाब काडीपासूनच करावा. नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा ते आठ इंचांची काडी पावसाळ्यात सावलीत लावली, की दीड-दोन महिन्यांत मुळे धरते. कायमच्या जागी किमान सहा तासांचे ऊन हवे, आणि तेही सकाळचे मिळाले तर अधिक चांगले, कारण पानांवरचे पाणी लवकर सुकते. आमच्याकडे भारी काळी माती आहे, तिच्यात पाणी तुंबते; म्हणून दीड फुटाचा खड्डा घेऊन पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड असे मिश्रण भरावे. कोकणात मात्र जागा जमिनीपेक्षा वीतभर उंच करूनच लावावे, नाहीतर आषाढातच मुळे सडतात.

रोगांपैकी पावसाळ्यातले काळे ठिपके या झाडाला खरोखर त्रास देतात. या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते, तेव्हा झाडातून वारा खेळता ठेवणे आणि गळलेली पाने वेचून नेणे यांचाच पुष्कळ उपयोग होतो. आडव्या बांधलेल्या फांद्यांमध्ये वारा आपसूक खेळतो. उन्हाळ्यात लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड आली, तर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा. रासायनिक औषध मी या झाडावर मारत नाही, कारण त्याच्या पाकळ्या घरात गुलकंदासाठी जातात; काचेच्या बरणीत पाकळ्या आणि त्यांच्या दुप्पट खडीसाखर यांचे थर देऊन बरणी उन्हात ठेवली, की तीन-चार आठवड्यांत गुलकंद मुरतो.

पाऊस आता थांबला आहे, जमिनीत ओल आहे आणि फांद्या अजून लवचीक आहेत, त्यामुळे हे काम याच पंधरवड्यात करावे. आज आडव्या बांधलेल्या फांदीवरच्या डोळ्यांना फुटून, वाढून, कळी धरायला साधारण सहा ते सात आठवडे लागतात, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या घटाला वाहायला घरचीच फुले मिळतील.