किपिलेफ्टी आणि डिगाडी

नमस्कार, श्रोतेहो. चार रस्ते जिथे मिळतात तिथे मधोमध गोल बेट असतं आणि त्याला वळसा घालून वाहनं जातात. पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियात, तिथल्या स्वाहिली भाषेत, या गोलाला म्हणतात ‘किपिलेफ्टी’. शब्द आला तो ‘कीप लेफ्ट’, म्हणजे डावीकडून चला, या इंग्रजी सूचनेतून. चालकाला दिलेला हुकूम त्या जागेचंच नाव होऊन बसला. खरी गंमत तर पुढेच आहे. असे दोन गोल असले, तर स्वाहिली बोलणारा माणूस म्हणतो ‘विपिलेफ्टी’.

हा ‘वि’ कुठून आला? मराठीत वचन शब्दाच्या शेपटीशी बदलतं: सुरी, सुऱ्या. स्वाहिलीत ते डोक्याशी बदलतं. सुरीला ‘किसू’, सुऱ्यांना ‘विसू’. एकवचनाला ‘कि’ आणि अनेकवचनाला ‘वि’, असा नामांचा एक मोठा गटच आहे. ‘कीप’मधला ‘की’ कानावर पडला आणि तो शब्द थेट या गटात गेला. विशेषणही मग त्याच्यामागे चालतं: मोठा गोल ‘किपिलेफ्टी किकुब्वा’, मोठे गोल ‘विपिलेफ्टी विकुब्वा’. व्याकरण पूर्ण पाळलेलं आहे, म्हणून याला अपभ्रंश म्हणून हसण्यावारी नेणं मला पटत नाही.

अरबी ‘किताब’चंही असंच झालं होतं: एक ‘किताबू’, अनेक ‘विताबू’. अरबीत क, त, ब ही या शब्दाची मूळ अक्षरं. त्यातला ‘क’ स्वाहिलीने प्रत्यय समजून सोडवून घेतला.

आता मडगार्ड. दुसऱ्या एका गटात अनेकवचनाला पुढे ‘मा’ लागतो. अंडं ‘याई’, अंडी ‘मायाई’. मडगार्डचा उच्चार झाला ‘माडिगाडी’. सायकलला ती असतातही दोन, पुढे एक, मागे एक. तेव्हा ‘माडिगाडी’ हे अनेकवचनच वाटलं, आणि ‘मा’ काढून एकवचन तयार झालं: ‘डिगाडी’. इंग्रजीत चिखलाला ‘मड’ म्हणतात. त्या चिखलाचा पहिला अर्धा भाग धुऊन निघाला म्हणा ना.

पण प्रत्येक ‘मा’ असा सुटत नाही. युद्धनौकेला स्वाहिलीत ‘मानोवारी’ म्हणतात, जुन्या इंग्रजी ‘मॅन-ऑफ-वॉर’वरून. तिथे ‘नोवारी’ असं एकवचन निघालं नाही. म्हणून नुसत्या आवाजावरून नियम ठोकून देऊ नये, बोलणारे काय म्हणतात ते ऐकावं.

उच्चाराची एक खूण मात्र बरीच भरवशाची आहे. स्वाहिली शब्द स्वरावर संपतो. इंग्रजी शब्दाच्या शेवटी प, ब, म असा ओठांनी बोलायचा वर्ण आला, तर बहुधा ‘उ’ जोडला जातो: टीमचं ‘टिमू’, फिल्मचं ‘फिलामू’. इतर व्यंजनांपुढे बहुधा ‘इ’: बसचं ‘बासी’, बँकेचं ‘बेंकी’, शर्टाचं ‘शाटी’. क्लबमध्ये दोन्ही दिसतात. शेवटी ‘उ’, आणि ‘क्ल’ फोडायला मध्ये ‘इ’: ‘किलाबू’. त्या ‘इ’मुळे शब्दाच्या डोक्याशी आपसूक ‘कि’ तयार झाला, आणि फुटबॉलच्या बातम्यांत अनेक क्लब झाले ‘विलाबू’. ‘टेशन’, ‘इस्टाप’ म्हणणाऱ्या आपल्या कानांना जोडाक्षर सोपं करण्याची ही गरज ओळखीची वाटेल.

एक चूक मात्र वारंवार होते. शाळेला स्वाहिलीत ‘शुले’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला तो इंग्रजी ‘स्कूल’चाच अवतार वाटतो. तो आहे जर्मन. पहिल्या महायुद्धापर्यंत टांझानियाच्या मुख्य भूमीवर जर्मनांचं राज्य होतं. झांझिबार बेट 1890 पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं, तिथे शाळेला ‘स्कुली’ म्हणतात. म्हणजे मध्ये समुद्राची पट्टी आणि दोन्ही काठांवर शाळेचं नाव निराळं. मूळ शोधताना आवाजाबरोबर राज्य कुणाचं होतं हेही पाहायचं ते यासाठी.

आणि सगळं काही इंग्रजांकडून आलं असंही नाही. वाहनाला स्वाहिलीत ‘गारी’ म्हणतात, ते आपल्याकडच्या ‘गाडी’चंच रूप. अनेक गाड्या म्हणजे ‘मागारी’. ‘मोशी’ म्हणजे धूर. रेल्वेला जुनं नाव आहे ‘गारी ला मोशी’, धुराची गाडी. आपण तिला आगगाडी म्हणालो. त्यांना धूर दिसला, आपल्याला आग.