धुक्यातली पाइनची झाडं

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी वर्तमानपत्र असेल तर त्याचं एक मोठं पान घ्या, सहा उभे भाग पडतील अशा उलटसुलट घड्या घाला आणि टेबलावर उभं करा. नागमोडी उभं राहिलं ना? जपानचा घडीचा पडदा असाच उभा राहतो. त्याला म्हणतात ‘ब्योबू’, म्हणजे वाऱ्याचा आडोसा. ही वस्तू मूळची चीनची. पूर्वी तिच्या प्रत्येक फळीला वेगळी चौकट असे. जपानी कारागिरांनी कागदाच्या बिजागऱ्या बसवल्या, मधल्या चौकटी गेल्या आणि सहाही फळ्यांवर एकच चित्र सलग पसरलं.

अशाच दोन पडद्यांवर हासेगावा तोहाकू या चित्रकारानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस पाइनची झाडं काढली. तो काळ सोन्याच्या वर्खाच्या झगमगत्या पडद्यांचा, आणि तोहाकू तेही उत्तम करी. इथे मात्र काजळी आणि सरस यांची शाई, पाणी, कागद, बस्स. प्रत्येक पडदा साडेतीन मीटर रुंद. जवळ गेलात तर दिसतात नुसते कुंचल्याचे फटकारे, झाड सापडतच नाही. चार पावलं मागे या, की धुक्यातून झाडं वर येतात. घड्यांमुळे काही अंगावर येतात, काही आत सरकतात. आणि ते धुकं? ते त्यानं काढलेलंच नाही. तो कोरा कागद आहे.

हे तो शिकला मूछी या तेराव्या शतकातल्या चिनी भिक्खूच्या चित्रांवरून. मायदेशी मूछीची फारशी कदर झाली नाही. जपानच्या झेन मठांनी त्याची चित्रं जिवापाड जपली. क्योतोच्या दाइतोकुजी मठात त्याची तीन चित्रं आहेत: सारस, वानर आणि मधोमध शुभ्रवस्त्रा ग्वानयिन. आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणी अवलोकितेश्वराचंच हे चिनी रूप! त्या वानरांभोवतीची ओलसर हवा तोहाकूच्या पडद्यांवर उतरली आहे. झाडं मात्र त्याच्या गावची वाटतात; १५३९ साली तो नोतोच्या किनाऱ्यावर, नानाओला जन्मला होता.

१५९३ साली त्याचा चित्रकार मुलगा क्यूझो ऐन पंचविशीत गेला. हे चित्र त्या दुःखानंतरचं, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही त्या कोऱ्या जागेपुढे तसंच वाटतं.

हे पडदे तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. कधी बघायचा योग आला, तर थोडं वाकून, नजर खाली आणून बघा. ते चटईवर बसलेल्या माणसासाठी काढलेले आहेत.